तुमचं सामान आमच्या बांधावर राहिलंय

कागद, फॉइल आणि फिल्म यांवर प्लास्टिकचा लेप चढवणारे सर्व कारखानदार आणि त्या वेष्टनात आपला माल भरून गावोगाव पोचवणाऱ्या सर्व कंपन्या यांस,



पत्रास कारण की, तुमचं बरंच सामान आमच्याकडे राहिलं आहे. जुन्नर आणि आंबेगाव या पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या दोन तालुक्यांत ते जागोजागी पडलेलं आहे. टोमॅटोच्या बांधांवर कीटकनाशकांच्या चकचकीत पुड्या आहेत. लेण्याद्री आणि ओझरच्या वाटेवर चहाचे कप आहेत. शिवनेरीच्या पायऱ्यांच्या कडेला वेफर्सची पाकिटं आहेत. श्रावणी सोमवार उरकला की भीमाशंकरच्या रानात, जिथे शेकरू राहतो आणि ज्याला सरकारनं १९८५ साली अभयारण्य म्हणून जाहीर केलं, तिथेही तुमची हजेरी लागलेली असते. ज्याचं सामान त्यानं उचलून न्यावं अशी आमच्याकडे पद्धत आहे. तुम्ही मात्र ठेवून गेलात ते गेलात, साधी विचारपूसही केली नाहीत.

पत्रात मी कोणाचं नाव घेतलेलं नाही. तुम्ही एक नाही, पुष्कळ आहात. शिवाय तुमचं नाव मी सांगायची गरजच काय? ते तुमच्या प्रत्येक पुडीवर ठळक रंगांत छापलेलं असतं. पाऊस, ऊन, चिखल सगळं सोसून ते वर्षानुवर्षं वाचता येतं. आमच्याकडच्या शिलालेखांच्या नशिबीही एवढा टिकाऊपणा आलेला नाही.

आधी तुमच्या कारागिरीबद्दल बोलतो. ती नाकारण्याचं कारण नाही. प्लास्टिकचे दाणे तीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास वितळवायचे, लांब फटीतून त्याचा पडद्यासारखा पातळ पापुद्रा खाली सोडायचा, खालून धावणाऱ्या कागदावर तो पडताच थंड रुळाखाली दाबायचा. कागद आणि प्लास्टिक क्षणात एकजीव. चहाच्या कपाच्या आतला थर हा असा चढतो. तो साधारण पंधरा-वीस मायक्रॉनचा, माणसाच्या केसापेक्षा कितीतरी पातळ. वेफर्सच्या पाकिटाचं काम त्याहून नाजूक. बाहेरच्या फिल्मला आतल्या बाजूनं छपाई, मग चिकटवणारा थर, मग जिच्यावर निर्वात यंत्रात ॲल्युमिनियमची वाफ बसवली आहे अशी दुसरी फिल्म, आणि सगळ्यांत आत उष्णतेनं तोंड बंद होईल असा थर. कीटकनाशकाच्या आणि औषधाच्या पुडीत खरंखुरं ॲल्युमिनियम फॉइल असतं. त्याला एका अंगानं फिल्म चिकटवलेली, दुसऱ्या अंगानं पॉलिथिन किंवा रेझिनचा लेप. त्या लेपाशिवाय फॉइल फॉइलला चिकटणार नाही, पुडीचं तोंड बंद होणार नाही.

हे सगळं कशासाठी, तेही आम्हाला कळतं. ओल आत जाऊ नये, हवा लागू नये, तेल बाहेर पाझरू नये, वास उडून जाऊ नये. पावसाळ्यात मसाल्याला बुरशी लागत नाही, औषधाची गोळी सादळत नाही, बियाण्याची उगवण टिकते. यातला फायदा आम्हीही घेतो. त्यामुळे वेष्टनच नको असं म्हणणारं हे पत्र नाही. तुम्ही जे चिकटवलं ते सुटं कोणी करायचं, एवढंच आम्हाला विचारायचं आहे.

कारण ते सुटं होत नाही. कागद कुजतो, ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरता येतं, एकाच जातीचं प्लास्टिक पुन्हा दाण्यांत येतं. या तिघांना वेगवेगळं ठेवलं असतं, तर आमच्या भंगारवाल्यानं तिन्ही विकत घेतली असती. तुम्ही ती एकमेकांवर अशी बसवलीत की तिघांचीही किंमत शून्य झाली. भंगारवाला गावात येतो, तेव्हा त्याच्या गाडीवर काय चढतं ते बघायला तुम्ही एकदा यायला हवं. पुठ्ठा चढतो, काचेच्या बाटल्या चढतात, पत्रा चढतो, दुधाच्या धुतलेल्या पिशव्यासुद्धा चढतात. तुमची चमकणारी पुडी तो हातातही धरत नाही. ज्याचं पोट कचऱ्यावर चालतं, त्या माणसानं नाकारलेली वस्तू तुम्ही आमच्या गळ्यात घालता आहात.

तुमच्यापैकी जे कागदी कपवाले आहेत त्यांना एक सोपा प्रयोग सुचवतो. चहा पिऊन झालेला कप रात्रभर पाण्यात भिजत घाला. सकाळी अंगठ्यानं बाहेरची बाजू चोळा. कागदाचा लगदा होऊन तो बोटांवर येऊ लागतो. चोळत राहा. शेवटी हातात उरतो तो दुसरा कप: पारदर्शक, मऊ, कांद्याच्या पातीच्या आतल्या पापुद्र्याएवढा पातळ, आणि आकारानं हुबेहूब पहिल्यासारखा. बुडाची गोलाई, कडेची वळी, सगळं जागच्या जागी. चहा इतका वेळ त्या दुसऱ्या कपातच होता, कागद फक्त बाहेरून धरून उभा होता. शाळेतल्या मुलांसमोर हे करून दाखवलं की काही समजावून सांगावं लागत नाही.

त्या आतल्या कपाचं पुढे काय होतं, हे खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी तपासलं. ८५ ते ९० अंशांचं शंभर मिलिलिटर पाणी अशा कपात पंधरा मिनिटं ठेवलं, तर त्यात प्लास्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरतात, असं त्यांना आढळलं. नारायणगावच्या बसस्थानकावर वाफाळता चहा घेणाऱ्या माणसाला या कणांचं नेमकं काय होतं, याचा अभ्यास जगभर चालू आहे. त्याचा निकाल लागेपर्यंत कण पिण्याचं काम मात्र तुम्ही आमच्याकडे सोपवलं आहे, आणि आमची संमती कोणी विचारलेली नाही. कपावर हिरवं पान छापता, 'पर्यावरणस्नेही' लिहिता. आत प्लास्टिक आहे हे लिहायला मात्र एवढ्या गोल कपावर तुम्हाला जागा सापडत नाही.

पंगतीचंही तेच. आमच्याकडे लग्नात, सप्ताहाच्या महाप्रसादाला, गावच्या यात्रेला पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण असायचे. जेवण झालं की पत्रावळी उकिरड्यावर जायच्या आणि पुढच्या हंगामाला खत होऊन शेतात यायच्या. पश्चिमेकडच्या आदिवासी पट्ट्यातल्या बायांना पानं टाचण्यातून चार पैसेही मिळायचे. त्या जागी तुमची चांदीच्या रंगाची ताटली आली. खाली पुठ्ठा, वर चकाकणारी फिल्म. कार्यालयामागच्या खड्ड्यात त्या शेकड्यांनी पडतात, वर उरलेला भात आणि बुंदी. वासानं गुरं येतात. तेला-मिठाची चव लागलेला तो पापुद्रा गाय अन्नाबरोबर गिळते. तो रवंथ करून वर येत नाही आणि पचून खालीही जात नाही, पोटात साठत राहतो. पोट फुगलेलं जनावर टेबलावर घेऊन कोठा उघडला की डॉक्टरांच्या हाताला गोळा लागतो तो याचा. दूध देणाऱ्या गाईवर घर चालवणाऱ्या माणसाला त्या दिवशी तुमच्या ताटलीची खरी किंमत कळते.

आता शेताकडे येतो, कारण तिथलं सामान सगळ्यांत धोक्याचं आहे. हा भाग टोमॅटोचा, द्राक्षाचा, कांद्याचा. कुकडी प्रकल्पाच्या माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांनी पाणी दिलं आणि बारमाही बागायत उभी राहिली. बागायत आली तशी फवारणीही आली. टोमॅटोला करपा, नागअळी, पांढरी माशी, फळ पोखरणारी अळी एकामागून एक येतात. प्रत्येक फवारणीला दोन-तीन प्रकारची औषधं लागतात. त्यांतली भुकटीची आणि दाणेदार औषधं येतात ती फॉइलच्या बहुपदरी पुडीत. माणूस पंप भरताना पुडी दातानं नाही तर विळ्यानं फाडतो, औषध बादलीत ओततो आणि पुडी तिथेच टाकतो. एक पुडी उचलून पाहा. फाटलेल्या कडेला थर उघडे पडलेले दिसतात: वर छापील फिल्म, मधे राखाडी फॉइलची रेघ, आत दुधी पापुद्रा. कोपऱ्याच्या घडीत पांढरी भुकटी अडकलेली असते. पावसाच्या पहिल्या सरीत ती भुकटी सुटते आणि पुडी पाण्याबरोबर निघते.

कुठे जाते? बांधावरून चारीत, चारीतून ओढ्यात, ओढ्यातून मीना, कुकडी किंवा घोड नदीत. येडगावचं पाणी कालव्यानं पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जातं. घोड पुढे भीमेला मिळते. म्हणजे तुमची पुडी पुणे जिल्ह्यात विकली गेली, तरी तिचा प्रवास नगर आणि सोलापूरपर्यंत चालू राहतो. त्यासाठी तुम्हाला वाहतुकीचा एक पैसाही पडत नाही.

तुम्ही म्हणाल, शेतकऱ्यानं पुडीची नीट विल्हेवाट लावावी. कशी लावावी? कीटकनाशक नियम, १९७१ सांगतात की रिकामी वेष्टनं तोडून-फोडून वस्तीपासून दूर पुरावीत. पुरलं. नांगराच्या पुढच्या फेरीला तीच पुडी रंगासकट वर येते, कारण तुम्ही ती न कुजण्यासाठीच बनवली आहे. मग माणूस ती जाळतो. प्लास्टिक अर्धवट जळून काळा धूर होतो, औषधाचा अंश हवेत जातो आणि फॉइलचा चुरगळलेला सांगाडा राखेत शिल्लक राहतो. औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटांत तर पीव्हीसी असतं. ते जाळलं की हायड्रोजन क्लोराइडची वाफ आणि डायऑक्सिनसारखी विषं तयार होतात. पुरलं तरी राहतं, जाळलं तर नाकात जातं, टाकलं तर नदीत जातं. चौथा मार्ग तुम्ही तुमच्या पुडीवर छापलेला असेल तर दाखवा.

'लोक बेशिस्त आहेत, कुठेही फेकतात' हे तुमचं ठरलेलं उत्तर आम्हाला पाठ आहे. त्यावर आमच्याकडे एक साक्षीदार आहे: नारायणगावच्या टोमॅटो बाजारातला क्रेट. रोज भल्या पहाटेपासून तिथे क्रेट भरून येतात, माल दिल्लीकडे, गुजरातकडे, बंगळुरूकडे निघतो. पण क्रेट हरवत नाही. कोणाचे किती गेले, कोणाकडून किती यायचे, याचा हिशेब शेतकरी, आडते, ड्रायव्हर सगळे ठेवतात. एक क्रेट कमी पडला तर भांडण होतं. त्यावर रंगानं नाव टाकलेलं असतं, ते बघून तो परत मागितला जातो. तोही प्लास्टिकचाच आहे, याच बेशिस्त लोकांच्या हातातला आहे, याच धुळीत नि चिखलात फिरतो. तो रस्त्याकडेला का पडत नाही? कारण त्याला किंमत आहे आणि त्याला मालक आहे. तुमच्या पुडीला यातलं काहीच नाही. तुम्ही किंमत ठेवली नाहीत, आणि गिऱ्हाइकाच्या हातात पुडी पडताक्षणी मालकी झटकलीत. दोष आमच्या शिस्तीचा असता तर क्रेटही ओढ्यात सापडले असते.

तुमचा आणि कायद्याचा जुना परिचय आहे, त्याचीही उजळणी करू. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं मार्च २०११ पासून गुटखा-तंबाखू प्लास्टिकच्या पुडीत विकायला बंदी आली. २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत त्याच बंदीचं पुढचं वाक्य वाचण्यासारखं आहे. गुटखा, पानमसाला आणि तंबाखूच्या वेष्टनात कोणत्याही स्वरूपातलं प्लास्टिक चालणार नाही, 'व्हिनाइल ॲसिटेट – मलेइक ॲसिड – व्हिनाइल क्लोराइड कोपॉलिमर'सुद्धा नाही. हे फॉइलवर लावायच्या लेपाचं रेझिन आहे. नियम बनवणाऱ्यांना एका रेझिनचं नाव घेऊन 'हेसुद्धा प्लास्टिकच' असं लिहावं लागतं, ते कोणासाठी? शेतकऱ्यासाठी तर नक्कीच नाही. त्याला हे नाव उच्चारताही येणार नाही. फॉइलवर बसलेला लेप म्हणजे काही प्लास्टिक नव्हे, असं म्हणायला जीभ धजावणाऱ्यांसाठीच ते लिहिलेलं आहे.

त्याच २०१६ च्या नियमांत पुनर्वापर न होणारं बहुपदरी प्लास्टिक दोन वर्षांत बंद करायचं होतं. दोन वर्षं पुरी होत आली तसा २७ मार्च २०१८ ला नियम बदलला. पुनर्वापर होत नसेल आणि ज्यातून ऊर्जाही मिळत नसेल, दुसरा काही उपयोगही होत नसेल, तेवढंच बंद करायचं, असं ठरलं. प्लास्टिक जाळलं की उष्णता मिळतेच, त्यामुळे तुमचं सगळं वाचलं. ऊर्जा मिळवायची ती सिमेंटच्या भट्टीत. आमच्या राज्यातल्या मोठ्या भट्ट्या आहेत चंद्रपूरकडे, राज्याच्या दुसऱ्या टोकाला. वेफर्सच्या पाकिटांनी ट्रक भरला तरी वजन भरत नाही. जुन्नरहून चंद्रपूरला हवा भरलेला ट्रक पाठवायचं भाडं कोणत्या ग्रामपंचायतीनं भरायचं, ते मात्र त्या नियमात लिहिलेलं नाही.

त्याच २०१८ साली जुन्नर हा महाराष्ट्रातला पहिला पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला. २३ मार्च २०१८ ला राज्याची प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली. पिशव्या गेल्या, थर्माकोलच्या ताटल्या गेल्या, आणि त्या रिकाम्या जागेत तुमचे लेप दिलेले कप नि ताटल्या 'कागदी' म्हणून शिरल्या. शेवटी जुलै २०२२ मध्ये राज्याला स्पष्ट करावं लागलं की प्लास्टिकचा लेप किंवा थर दिलेल्या कागदाच्या, ॲल्युमिनियमच्या ताटल्या, वाट्या, कप, ग्लास, डबे हेही बंदीत येतात. तमिळनाडूनं अशाच कपांवर बंदी घातली तेव्हा तुमचे भाऊबंद सर्वोच्च न्यायालयात गेले. २०२३ साली न्यायालयानं बंदी कायम ठेवली. एवढं होऊनही आमच्या यात्रेच्या दुकानांत तुमचे कप गठ्ठ्यांनी मिळतात. पाच-पन्नास कप ठेवणाऱ्या चहावाल्याला दंड करणं सोपं आहे, तो गाडा सोडून पळू शकत नाही. ज्या यंत्रावरून लाखांनी कप निघतात, ते यंत्र मात्र अजून कोणाला दिसलेलं नाही.

आता तुमच्या हाती नवा कागद आला आहे: विस्तारित उत्पादक जबाबदारी. फेब्रुवारी २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे तुम्ही जितकं वेष्टन बाजारात आणता, त्या प्रमाणात कचरा गोळा करून त्यावर प्रक्रिया झाल्याचा हिशेब द्यायचा. बहुपदरी वेष्टनासाठी वेगळा वर्गही आहे. तत्त्व उत्तम आहे, आमचा त्याला पाठिंबा आहे. पण हिशेब टनांत लागतो, गाव त्यात येत नाही. देशात कुठेतरी तेवढ्या वजनाच्या प्रक्रियेचं प्रमाणपत्र मिळालं की तुमची वही चोख होते. घोडेगावच्या ओढ्यातली पुडी त्या वेळीही ओढ्यातच असते. तुमच्या अहवालात ती गोळा झालेली असते, आणि आमच्या जनावराच्या पोटात ती पडलेली असते.

आमच्या मुलखाला व्यापार नवा नाही, हेही तुमच्या माहितीसाठी सांगतो. सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांवरचा माल नाणेघाट चढून जुन्नरच्या पेठेत यायचा. घाटाच्या माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आजही उभा आहे. जकातीची नाणी त्यात पडायची असं सांगतात. वाट वापरायची तर वाटेचं देणं आधी द्यायचं, हे त्या व्यापाऱ्यांना मान्य होतं. तुम्ही त्याच मुलखात माल उतरवता, आमचे रस्ते, आमचे ओढे, आमची रानं तुमच्या वेष्टनासाठी वापरता आणि देणं कोणाच्या तरी अंगावर टाकून पुढे जाता. ते देणं घंटागाडीच्या डिझेलच्या रूपानं ग्रामपंचायत देते, दवाखान्याच्या बिलाच्या रूपानं गाईचा मालक देतो, आणि गड साफ करायला सुटीच्या दिवशी पोती घेऊन चढणारी पोरं आपल्या घामानं देतात.

तक्रार पुष्कळ झाली. आता मागण्या लिहितो. सगळ्या करता येण्यासारख्या आहेत.

पहिली. लेप दिलेले कप, ताटल्या, द्रोण राज्यात बंद आहेत, तर ते बनवणं आणि पाठवणं थांबवा. गिऱ्हाईक मागतं म्हणून आम्ही देतो, हे सांगू नका. गिऱ्हाईक चहा मागतं. तो काचेच्या ग्लासातही मिळतो आणि स्टीलच्या पेल्यातही. पंगतीला पळसाची पत्रावळ आहे, सुपारीच्या विरीची ताटली आहे, बचत गटांनी भाड्यानं द्यायची स्टीलची ताटं आहेत.

दुसरी. जिथे वेष्टन खरंच लागतं, तिथे थर एकाच जातीच्या प्लास्टिकचे करा. पूर्ण पॉलिथिनची किंवा पूर्ण पॉलिप्रॉपिलिनची पुडी बनते, यंत्रंही आहेत, तंत्रही आहे. काही मालाला त्यानं टिकाऊपणा थोडा कमी येईल, काहींचा खर्च वाढेल. सहा महिने टिकणाऱ्या शेवेची आम्हाला काही निकड नाही. तिचा टिकाऊपणा थोडा घटला तर चालेल, ओढा टिकला पाहिजे.

तिसरी. पुडीवर परत घेण्याची किंमत छापा आणि ती द्या. राज्याच्या २०१८ च्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीसाठी अशी तरतूद होतीच. कीटकनाशकाच्या पुडीपासून सुरुवात करा. शेतकरी औषध घ्यायला कृषी सेवा केंद्रात पुन्हा येतोच. मागच्या वेळच्या रिकाम्या पुड्या घेऊन आला तर बिलात पैसे कापून द्या, पुड्या बंद पिंपात साठवा आणि तुमच्या औषधाच्या गाडीनं परतीच्या फेरीत घेऊन जा. माल टाकून रिकामी परतणारी गाडी तुमचीच आहे. क्रेटसाठी जे बाजाराला जमलं, ते तुम्हाला जमणार नाही हे पटत नाही.

चौथी. जबाबदारीचा हिशेब तालुकावार द्या. जुन्नरमध्ये आणि आंबेगावमध्ये तुमची किती टन वेष्टनं आली आणि याच दोन तालुक्यांतून किती टन परत गेली, हे आकडे दोन्ही पंचायत समित्यांच्या फलकावर लावा. आमचं आम्ही वाचून घेऊ.

पाचवी. ज्यात लेप आहे, त्यावर मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरात लिहा: 'यात प्लास्टिकचा थर आहे.' खरं लिहिल्यानं ज्याचा खप घसरतो, तो माल कशाच्या जोरावर खपत होता, हे तुम्हीच एकदा तपासा.

आमच्या वाट्याचं काम आम्ही करू. फेकणारा हात गावातला असतो, त्याला गावच विचारेल. यात्रेत, सप्ताहात, लग्नात लेपाची भांडी नकोत, असा ठराव ग्रामसभेत मांडायचा आहे. पुड्या बांधावर न टाकता पोत्यात भरायच्या, पोतं भरलं की तोंड शिवायचं, हेही ठरवायचं आहे.

आणि त्या पोत्यांचं काय करायचं, ते आम्हाला दक्षिणेतल्या मुलींनी शिकवलं. तमिळनाडूत तूतुकुडीच्या एका शाळेतल्या मुलींनी २०१८ साली बिस्किटांची नि खाऊची वीस हजारांहून अधिक वेष्टनं गोळा केली, कंपन्यांप्रमाणे वेगळी केली आणि त्या त्या कंपनीला परत पाठवून दिली. 'तुमचा खाऊ आवडतो, वेष्टन बदला' अशी चिठ्ठी सोबत होती. एवढ्या सभ्य भाषेत एवढं नेमकं बोलायला आम्हाला जमेल की नाही, सांगता येत नाही. पत्ता मात्र आम्हालाही ठाऊक आहे. कायद्यानं तो तुम्हाला प्रत्येक पुडीवर छापावा लागतो, आणि तुमच्या उत्तम शाईमुळे तो बांधावर चार पावसाळे काढूनही स्वच्छ वाचता येतो.

तेव्हा दोनांपैकी एक करा. गाडी पाठवून सामान घेऊन जा आणि पुढचं असं बनवा की ते परत न्यायला तुम्हालाच परवडेल. नाहीतर पोती आम्ही पाठवतो. टपालखर्च तुमच्याकडून वसूल करण्याचा ठरावही त्याच ग्रामसभेत होईल.

कळावे.

आपला,
जुन्नर तालुक्यातला एक टोमॅटो उत्पादक शेतकरी